कागदाची मागची बाजू

पट्टीकाकांकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते रद्दीच्या दुकानात. जुन्या वह्यांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभं राहिलं की वजनकाट्याशेजारी एका खोक्यावर बसलेले ते दिसायचे. उंच, खांद्यात वाकलेले, कोपरं अंगाशी घट्ट. समोर जाड कागदांचा ढीग. आता, चित्र हाताला लागलं की माणूस आधी चित्र बघतो आणि अगदीच आवडलं तर उलटून मागं काही लिहिलंय का ते पाहतो. काकांचं उलटं होतं. कागद हातात आला की ते तो थेट पालथा करत, मागची बाजू उजेडाकडे धरून नीट न्याहाळत आणि ठेवून देत. पुढचं चित्र कशाचं होतं याकडे त्यांचं लक्षही नसे.

"काका, चित्र पुढं असतं," रद्दीवाला एकदा न राहवून म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग?"

"पुढचं पाठ आहे."

रद्दीवाल्यानं रांगेकडे पाहून डोळे मिचकावले. काकांनी ते पाहिलं आणि तेही हसले, पण हात काही थांबला नाही. ढीग संपल्यावर त्यांनी तो जसा होता तसा रचून ठेवला, खोकं जागच्या जागी सरकवलं आणि रिकाम्या हातानं घरी गेले. चालताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं भिंतींवरून, कुंपणांवरून हलकेच फिरत जायची. अंधाऱ्या खोलीत सत्तावीस वर्षं काम केलेल्या माणसाची ती सवय. भर उन्हातही सुटली नव्हती.

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रात रोज येणारी चार चौकटींची चित्रपट्टी असते, तिची मूळ चित्रं ते जमवतात एवढं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते पट्टीकाका.

काका एका दैनिकाच्या कॅमेरा खात्यात होते. हे खातं तळमजल्यावर जिन्याखाली होतं. तिथला कॅमेरा गळ्यात अडकवायचा नव्हे, चांगला खोलीएवढा. तो रुळांवर मागंपुढं सरकायचा. समोरच्या फळीवर चित्र लावायचं, दोन्ही बाजूंचे दिवे सारख्या कोनात वळवायचे आणि निगेटिव्ह काढायची. सगळं कसब त्या दिव्यांत. एक दिवा जरा जरी खाली गेला तरी कागदाची प्रत्येक सुरकुती, चिकटवलेल्या तुकड्याची प्रत्येक कड सावली टाकते आणि दुसऱ्या दिवशी ती घाण लाखभर घरांत पोचते. काकांच्या निगेटिव्हवर अशी सावली कधी आली नाही. "कागद दिसता कामा नये, रेघ दिसली पाहिजे," असं ते नव्या माणसांना सांगायचे.

रोज चार वाजता चित्रकार आपली पट्टी घेऊन यायचा. तो फार घाबरट माणूस होता. पट्टी काकांच्या हातात देऊन दाराबाहेर पेपरमिंट चघळत उभा राहायचा आणि दार उघडलं की रोज तेच विचारायचा, "जमलं का?" त्याच्या पट्टीत एक छत्रीवाला होता. गावभरच्या छत्र्या दुरुस्त करणारा, आणि स्वतःच्या छत्रीला मात्र भोक. त्याच्या मागं एक कुत्रा. छत्रीवाला तोंडाचा पट्टा चालवायचा, शेवटच्या चौकटीत त्याची फजिती व्हायची आणि कुत्रा त्याच्याकडे नुसता बघायचा. कुत्रा कधीच बोलत नसे. लोक हसायचे ते कुत्र्याच्या त्या तोंडाला.

निगेटिव्ह चांगली आली की मूळ कागदाची किंमत शून्य. खात्यात त्याला 'मेलेला कागद' म्हणत.

"मेला का?"

"मेला. ने."

मग तो चहाच्या ग्लासाखाली जायचा, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जायचा, नाहीतर शाई पुसायला. चित्रकारही तो परत मागत नसे. छापलेलं तेवढं खरं, अशीच सगळ्यांची समजूत. काकांचीही. त्यांनी पहिला कागद घरी नेला तो चित्रासाठी नाहीच. कागद जाड होता, पांढरा होता आणि मागची बाजू कोरी होती. घरी सहा वर्षांची लेक होती आणि ती भिंती रंगवत होती.

लेकीनं आधी पुढची पट्टी पाहिली, मग कागद पालथा केला आणि विचारलं, "पुढं काय झालं?"

"पुढं काही नाही. संपली."

"असं कसं संपेल? तो भिजला ना? मग घरी गेला असेल. कुत्र्यानं अंग झाडलं असेल." आणि तिनं चार वेड्यावाकड्या चौकटी आखल्या. तिच्या चौकटींत कुत्रा बोलत होता. नुसता बोलत नव्हता, कुणाला बोलूच देत नव्हता.

"अगं, तो बोलत नाही."

"त्याला कुणी विचारत नाही म्हणून बोलत नाही," लेक म्हणाली.

त्या दिवसापासून काका रोज एक मेलेला कागद घरी आणू लागले. पेन्सिलही खात्यातलीच, कडक शिशाची, फिकट उमटणारी. पुसट दिसतं म्हणून लेक जीभ बाहेर काढून इतका जोर लावायची की पुढच्या बाजूनं हात फिरवला तर कुत्रा बोटांना लागायचा. काकू म्हणायच्या, "बापलेकीनं मिळून घराचा छापखाना केलाय. मला मेलीला ओटा पुसायला तेवढी जागा ठेवा." म्हणायच्या, आणि वाळत घातलेले कपडे बाजूला करून लेकीला खिडकीशी जागाही त्याच करून द्यायच्या. झालेले कागद कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत जायचे.

कधीकधी लेकीची गोष्ट लांबायची. सर्वांत लांबली ती कुत्रा घर सोडून जातो ती. छत्रीवाला त्याला घरात विसरून बाहेरून कडी लावतो म्हणून कुत्रा रागावतो आणि खिडकीतून निघून जातो. एकेका दिवसाचा एकेक कागद, असे सात कागद झाले. सहा काकांनी पाहिले. सातव्या दिवशी खात्यातला जोडीदार आजारी पडला आणि काकांवर दुहेरी पाळी आली, म्हणून कागद त्यांनी शिपायाहाती घरी पाठवला. ते घरी आले तेव्हा लेक झोपली होती आणि कागद पेटीत गेला होता. रविवारी बघू, म्हणाले. तो रविवार काही आला नाही. लहान मुलांच्या घरात असे पुष्कळ रविवार येत नाहीत, त्यात कुणाला वावगंही वाटत नाही.

लेक सतरा वर्षांची झाली तेव्हा कचेरीत संगणक आले होते. रुळांवरचा कॅमेरा भंगारात निघाला आणि काकांना गठ्ठे बांधण्याच्या खात्यात टाकलं. छत्रीवाल्याची पट्टीही बंद झाली. एके दिवशी काकांनी पाहिलं, चित्रकार खालच्या खिडकीशी उभा राहून कारकुनाला विचारत होता, "काहीही चालेल हो. पत्ते लिहायचं असेल तरी सांगा." काका गठ्ठ्यांच्या आडून बघत राहिले. पुढं होऊन बोलायचं धाडस त्यांना झालं नाही.

नेमका त्याच आठवड्यात लेकीनं चित्रशाळेचा अर्ज आणला.

"चित्रं काढून पोट भरत नाही," काका म्हणाले.

"तुम्हीच तर कागद आणायचात."

या वाक्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून राग आला. दुसऱ्या दिवशी लेक बाहेर गेल्यावर त्यांनी पेटी खांद्यावर टाकली, रद्दीच्या दुकानात नेऊन उपडी केली आणि रिकामी पेटी परत कॉटखाली सरकवून कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो लेक टेबलाशी बसून दुसराच अर्ज भरत होती, प्रयोगशाळेच्या शिक्षणाचा. तिनं मान वर केली नाही. काकू ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. काकांना वाटलं, चला, विषय मिटला.

तिसऱ्या दिवशी गठ्ठा बांधताना त्यांच्या हाताखाली एक जाड कागद आला आणि त्यांची बोटं आपोआप त्याच्या मागं गेली. कागद गुळगुळीत होता. त्यांनी सुतळी तिथंच टाकली आणि रद्दीचं दुकान गाठलं. तोवर पेटीतला माल चार वाटांनी गेला होता. कुठल्या वाटा, ते रद्दीवाल्यालाही नीट सांगता येईना. त्या दिवशी अकरा कागद मिळाले. त्यांतल्या एकावर कुणीतरी खिळे मोजून ठेवले होते.

तेव्हापासून हा शोध चालू झाला. घरात याचा उच्चार नव्हता. लेक शिकली, परदेशी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली आणि रविवारी फोन करू लागली. "जेवलात का, बरे आहात ना, ठेवते." काकू आजारी पडल्या तेव्हा ती निघाली, पण दोन दिवस उशिरा पोचली. त्यानंतर घरात एक कॉट, एक टेबल आणि काका.

मधल्या काळात जगाचं मत बदललं. मेलेल्या कागदांना भाव आला. चित्रपट्ट्यांची मूळ चित्रं जमवणारे हौशी लोक निघाले. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या माडीवर ते जमत, पांढरे हातमोजे घालून कागद हाताळत आणि शाईच्या रेघेवरून हमरीतुमरीवर येत. काका त्यांच्यात गेले ते चोरासारखे, आणि वर्षभरात त्यांचे पंच होऊन बसले. कुठली पट्टी कुठल्या दिवसाची, पांढरा रंग लावून कुठं चूक झाकली आहे, हे काका लांबून सांगत. आणि वागणं असं की कुणाकडे डागाळलेला, ग्लासाचा गोल उमटलेला कागद असला आणि त्याच्या मागं काही पेन्सिलीचं असलं, की काका त्याच्या बदल्यात शोधात हाती लागलेला आपला स्वच्छ, देखणा कागद देऊन टाकत.

"काका, हिरा देऊन काच घेताय," फोटो स्टुडिओवाल्या बाई म्हणायच्या.

"असू दे. मला काच आवडते."

"संत माणूस आहे हो, कशाचा मोह म्हणून नाही," बाकीचे म्हणत. काकांना ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळ्यांत मोठा मोह आपलाच, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

बावीस वर्षांत बासष्ट कागद झाले. रागावलेल्या कुत्र्याचे सहाही त्यांत होते. सातवा नव्हता. त्याच्या पुढच्या बाजूला कुठली पट्टी होती ते काकांना पक्कं ठाऊक होतं. दुहेरी पाळीच्या दिवशी ती त्यांनीच फळीवर लावली होती. छत्रीवाल्याची छत्री वाऱ्यानं उडून विजेच्या तारेला लटकते ती.

आणि मग लेकीचा फोन आला. "पुढच्या महिन्यात येतेय. आठ दिवस." सहा वर्षांनी येत होती. काकांनी ठरवलं, सात कागद ओळीनं टेबलावर मांडायचे आणि सांगायचं, पेटी मी दिली होती. गोष्ट पुरी हातात असली तर आपल्याला बोलता येईल, असं त्यांना वाटत होतं. सहा कागद घेऊन त्यांना तिच्यासमोर उभं राहवलं नसतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या महिन्याच्या बैठकीत एक नवे गृहस्थ आले, दातांचे डॉक्टर. त्यांनी मोबाइलवर आपल्या दवाखान्याच्या भिंतीचा फोटो दाखवला. चौकटीत बसवलेली पट्टी. तारेवर लटकलेली छत्री.

काकांनी घर गाठलं, पण जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन त्यांनी नंबर लावला. काय सांगून आत जायचं ते सुचेना, म्हणून दाढ दुखते म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आरसा घालून सगळं तोंड पाहिलं.

"कुठली दुखते?"

"अशी नक्की नाही."

"काका, या वयात असे दात माझ्या वडिलांचेही नाहीत. खरं सांगा, कशाला आलात?"

काकांनी तोंड पुसलं. "बाहेर ती पट्टी लावली आहे. तिची मागची बाजू बघायची होती."

डॉक्टर खूश झाले. त्यांना वाटलं, एवढा जाणकार आपल्या चित्राची पारख करायला आलाय. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून चौकट उतरवली, पाठीमागचे खिळे पकडीनं काढले आणि कागद हातमोज्यांवर तोलून समोर धरला. "अस्सल आहे की नाही? आणि बघा, किती स्वच्छ! मिळाला तेव्हा मागं कुणा पोरानं गिरगटून ठेवलं होतं. फ्रेमवाल्याला सांगितलं, तासभर बस पण सगळं खोडून काढ. एक रेघ ठेवली नाही पठ्ठ्यानं."

कागद पांढराशुभ्र होता.

काका कागदावर वाकून बघत राहिले. बाहेर कुणीतरी खोकत होतं. डॉक्टरांचं हसू हळूहळू उतरलं. "काका? काही चुकलं का?"

"तुमचं नाही." त्यांनी नेहमीसारखी बोटं पुढं केली आणि कागदावरून फिरवली. एकदा, दोनदा. मग थांबली. "डॉक्टर, हा दिवा खाली येतो?"

"कितीही येतो."

"कागदाच्या कडेपर्यंत आणा. आडवा. अजून खाली. आणि खोलीतला बंद करा."

सत्तावीस वर्षं जे होऊ नये म्हणून त्यांनी डोळ्यांत तेल घालून दिवे सांभाळले, तेच त्यांनी मुद्दाम केलं. उजेड कागदावरून सपाट सरपटत गेला आणि कागद दिसायला लागला. आधी पृष्ठभागाची खरखर, मग रबर घासल्याच्या लाटा, आणि त्यांच्यातून बारीक, खोल चऱ्या. शिसं पुसलं गेलं होतं. लेकीनं लावलेला जोर तसाच होता.

"अरे बापरे," डॉक्टर पुटपुटले. त्यांनी दात तपासायचा इवलासा आरसा उचलला आणि जिथं सावली तुटत होती तिथं उजेड परतवला. बाहेर चार माणसं खोळंबली होती. दोघं त्या खुर्चीवर ओणवे होऊन कुत्रा शोधत होते.

"हा पाय?"

"दार असेल. थांबा, हो, दारच. ही कडी."

पहिल्या चौकटीत कुत्रा दाराशी आला होता. दुसऱ्या चौकटीत दाराला कुलूप. तिसरीत तो खिडकीतून आत डोकावत होता. चौथीत कुत्रा उंबऱ्यावर बसला होता आणि त्याच्या डोक्यावर फुग्यात अक्षरं होती. डॉक्टरांनी ती एकेक करत वाचली. "तो का-मा-वर गे-लाय. मी थां-ब-तो."

डॉक्टरांनी वर पाहिलं तर काकांनी चष्मा काढला होता.

"कुणाचं आहे हे, काका?"

"मुलीचं."

डॉक्टरांनी खोलीतला दिवा लावला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "घेऊन जा."

"असा नाही नेणार." दुसऱ्या दिवशी काका छत्रीवाल्याची अगदी पहिली पट्टी घेऊन हजर झाले. माडीवरच्या प्रत्येकानं तिच्यासाठी काकांपुढं हात जोडले होते. तिची मागची बाजू कोरी होती. डॉक्टर नको नको म्हणत राहिले. काकांनी ती स्वतःच चौकटीत बसवली आणि खिळे ठोकले.

लेक आली. आठ दिवसांचे पाच झाले होते, रजा मिळाली नाही म्हणाली. केस पिकायला लागले होते. पहिले चार दिवस काकांनी कागद काढले नाहीत. ती घर आवरत होती, नळ बदलून घेत होती, औषधांच्या डब्या लावत होती, आणि काका प्रत्येक वेळी "उद्या" म्हणत होते. पाचव्या दिवशी, गाडी यायला तीन तास असताना, त्यांनी सात कागद पालथे मांडले आणि शेवटच्याशेजारी टेबलावरचा दिवा आडवा ठेवला.

लेक आली आणि तिनं पहिला कागद उचलून सुलटा केला. पुढची पट्टी पाहिली. "किती सुंदर काढायचे हो ते. रेघ बघा." मग कागद उलटला. नंतर खुर्ची ओढून बसली आणि सातही कागद ओळीनं वाचले. दिव्यापाशी आल्यावर काही विचारावं लागलं नाही, मान खाली घालून तिनं बरोबर त्या कोनातून पाहिलं. प्रयोगशाळेतल्या माणसाला असं बघायची सवय असते.

"तीनच पाय काढलेत मी याला," ती म्हणाली.

"हं."

"हे कुठं मिळाले?"

"शोधले. बासष्ट होते, हा त्रेसष्टावा. बाळ, ती पेटी..."

"आईनं दिली होती. माहीत आहे मला."

काकांनी मांडलेला एक कागद उगाच सरळ केला.

"त्याच संध्याकाळी विचारलं मी तिला. पेटी रिकामी का, तू दिलीस का? हो म्हणाली. मग मी तिच्याशी सहा महिने बोलले नाही. तुम्हाला आठवत असेल."

काकांना आठवत होतं. लेकीची परीक्षा जवळ आली आहे म्हणून घरात शांतता आहे, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. काकू ओट्याशी पाठमोऱ्या होत्या, तेही आठवलं.

इथं गप्प बसता आलं असतं. काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली होती, त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं आणि दाराशी बॅग भरून तयार होती.

"तिनं नाही दिली," काका म्हणाले. "मी दिली. तू बाहेर गेल्यावर. तिला विचारलंसुद्धा नाही."

लेक हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मग उठली, दोघांचे कप उचलले आणि मोरीत जाऊन धुवायला लागली. नळ खूप वेळ चालू होता. दोन कप धुवायला एवढा वेळ लागत नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पुसलेला होता.

"शेवटी आईसाठी येताना सुद्धा मनात तोच राग होता," ती म्हणाली. मग घड्याळ पाहिलं. "गाडी येईल."

बॅग उचलण्याआधी ती टेबलाशी गेली. सहा कागद तिनं नीट रचून ठेवले. सातवा, पुसलेला, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बॅगेत सरकवला. काका दारापर्यंत गेले. गाडी वळेपर्यंत त्यांचा हात चौकटीवर होता.

दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. "जेवलात का, बरे आहात ना." मग थोडं थांबून, "या आठवड्यात काही मिळाला?"

"नाही."

"बरं."

आता ती दर रविवारी एवढं विचारते. आईविषयी अजून बोललेली नाही.

काका त्याच घरात एकटे राहतात. त्यांच्याकडे सध्या चौसष्ट कागद आहेत, दोन नंतर मिळाले. दर गुरुवारी सकाळी ते रद्दीच्या दुकानात जातात.